रक्त आमचे, प्रयोगशाळा कोणाची?

माणसाच्या प्रतिकारशक्तीचे शास्त्र पुढे नेणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांचा आज जगभर गौरव होतो आहे. अमेरिकेतील मायकेलसन प्रतिष्ठान २०१८ पासून या क्षेत्रातील पस्तिशीच्या आतल्या संशोधकांना पारितोषिके देते. एकेका पारितोषिकाची रक्कम दीड लाख डॉलर असते आणि ती पुढच्या संशोधनासाठी असते. आपल्या देशात कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतील डॉ. दीप्यमान गांगुली यांना वैद्यकशास्त्राचा २०२२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार पंचेचाळीस वर्षांच्या आतल्यांचा. २०२४ पासून तो 'विज्ञान युवा' या नावाने दिला जातो. आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल तर थेट प्रतिकारशक्तीच्या संशोधनालाच मिळाले. मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची हे त्याचे मानकरी.

अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळीत येतात. आपला वाचक त्या वाचतो आणि पान उलटतो. हे साहेब लोकांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे त्याला वाटते. आम्ही म्हणतो, वाचकहो, पान उलटू नका. या शास्त्राशी आपला जुना आणि रक्ताचा संबंध आहे.

प्रतिकारशक्तीचे शास्त्र म्हणजे काय? शरीरात रोगजंतू शिरला की त्याला ओळखायचे, अडवायचे आणि पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवायचे हे काम पांढऱ्या पेशी करतात. लस म्हणजे या पेशींना आधीच दिलेली शत्रूची ओळख. पण ही फौज कधी कधी चुकते आणि आपल्याच अवयवांवर उलटते. संधिवाताचे काही प्रकार आणि लहानपणी होणारा मधुमेह असे होतात. ही फौज उलटू नये म्हणून तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या वेगळ्या पेशी शरीरात असतात. साकागुचींनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचे जनुक शोधले. नोबेल मिळाले ते या कामाला. आपल्याच अवयवाला परका समजून त्याच्यावर तुटून पडणे याला वैद्यकशास्त्र रोग म्हणते. आपल्या देशात समाजाने आपल्याच माणसांच्या बाबतीत हेच केले, तेव्हा त्याला धर्म म्हटले गेले.

आता मुद्दा असा की, हे शास्त्र बराच काळ उंदरांवर चालले. उंदीर बरा होतो आणि माणूस होत नाही, असे कितीदा तरी घडले. म्हणून आता भर मानवी प्रतिकारशास्त्रावर आहे. पण माणूस म्हणजे कोणता माणूस? लंडनचा की करमाळ्याचा? पोटभर खाणारा की अर्धपोटी राहणारा? हा प्रश्न शास्त्राच्या मुळाशी आहे आणि त्याचे एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या दंडावर आहे.

बाळ जन्मले की त्याला बीसीजीची लस टोचतात. ब्रिटनमधील शाळकरी मुलांवर १९५० च्या दशकात या लसीची चाचणी झाली, तेव्हा क्षयापासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिसले. मग १९६८ मध्ये तामिळनाडूच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात तीच लस तपासायला घेतली. अडीच लाखांहून अधिक माणसे त्या चाचणीत होती. निकाल काय आला? मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयाविरुद्ध लसीने संरक्षण दिलेच नाही. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून ती आजही देतात आणि दिलीच पाहिजे. पण एकच लस एका देशात चालते आणि दुसऱ्या देशात चालत नाही, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. इथल्या मातीपाण्यातले इतर जंतू हे एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. हे उत्तर कोणी शोधायचे? जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणजे हा प्रश्न आपला आहे आणि त्याचे उत्तर शोधणारेही आपल्यातून यायला हवेत.

क्षय कोणाला होतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे तो होतो. सफाईच्या आणि दगडखाणीच्या कामावर, बिडीच्या धुरात आणि उपाशी पोटी तो होतो. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने एक साधा प्रयोग केला. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा शिधा दिला. दहा हजारांहून अधिक लोक या अभ्यासात होते. ज्या घरांत घरच्या माणसांनाही शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. तांदूळ आणि डाळ यांनी लसीसारखे काम केले! प्रतिकारशक्ती ताटातून येते हे आपल्या आयाबायांना ठाऊक होतेच. आता ते आकड्यांनी सिद्ध झाले. पण हा प्रश्न शास्त्रज्ञाला सुचण्यासाठी त्याने उपाशी घर पाहिलेले असावे लागते. प्रयोगशाळेत कोण बसतो यावर तिथे कोणता प्रश्न विचारला जातो हे बरेचसे ठरते. आमच्या लिखाणाचा सारा रोख इथेच आहे.

महाराष्ट्राने हा धडा एकदा गिरवला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीत पहिला रुग्ण ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावले. हा ओडेसाचा यहुदी. केवळ यहुदी म्हणून रशियात त्याची वाट अडली आणि तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांना हाताशी धरून त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा त्याचे वय होते ३६. आज पारितोषिकवाले ज्याला तरुण शास्त्रज्ञ म्हणतात, जवळपास तेच वय!

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीमाई गेल्या. त्याच प्लेगने गेल्या. हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांनी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाला, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन सावित्रीमाई दवाखान्यात आल्या. ज्याची सावली नको म्हणत होते, त्याला त्यांनी पाठीवर घेतले आणि त्याचाच रोग त्यांना जडला. मुंबईत लस तयार होत होती, पण ती अजून चाचणीत होती. पुण्याच्या माळावर मात्र माणसाच्या हाती होती ती फक्त माणुसकी. या दोन तारखा आपण शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत. लस आणि पाठ, प्रयोगशाळा आणि वस्ती यांच्यामधले अंतर मिटवणे हेच आजही काम आहे.

हाफकिनच्या वाट्याला पुढे काय आले तेही ऐका. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिनवर ठेवला गेला. त्याला पदावरून दूर केले. चूक बाटली उघडताना गावातच झाली होती, हे पुढे तज्ज्ञांनी दाखवले आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पण उमेदीची पाच वर्षे गेली ती गेलीच. यहुदी असल्याने त्याच्याकडे संशयाने पाहणे अधिकाऱ्यांना सोपे गेले, असे अनेक अभ्यासक म्हणतात. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव दिले गेले. गुणवंताला आधी छळायचे आणि नंतर त्याच्या नावाची पाटी लावायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

रक्ताचा विषय निघाला आहे तर जातीचेही बोलू. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे आणला. त्याला आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. या माणसांना 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, त्यांना फक्त त्यांच्याच गटाचे चालते. असा माणूस ब्राह्मणात सापडतो, मराठ्यात सापडतो, बौद्धात सापडतो आणि मुसलमानातही सापडतो. त्याला गरज पडते तेव्हा तो दात्याची जात विचारत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या प्रतिकारशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या कपाटातल्या नळ्यांवर रक्तगट लिहिलेला असतो, वर्ण लिहिलेला नसतो.

मग जात आली कुठून? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला आणि सांगितले की, पोटजातीतच लग्न लावण्याची सक्ती हे जातीचे मर्म आहे. तेव्हा त्यांचे वय २५. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, पश्चिम बंगालच्या कल्याणी येथील जनुकशास्त्र संस्थेतील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इथले लोक पूर्वी एकमेकांत मिसळत होते, आणि सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण गुप्तकाळात, वरच्या जातींमध्ये हे मिसळणे एकाएकी थांबले, असे त्यात दिसून आले. एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने ग्रंथ वाचून आणि तर्क लढवून जे बोट दाखवले, तिथेच शंभर वर्षांनी जनुकांची तपासणी जाऊन पोहोचली. कोणी आमच्या पोरांना सांगेल की संशोधन हा आपला प्रांत नव्हे, तर त्याच्यापुढे हे दोन सन ठेवावेत.

आता जमिनीवर येऊ. सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. कुंकवाचे कारखाने ही त्याची ओळख. इथले कुंकू राज्यभर आणि राज्याबाहेर जाते. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर केमचे स्टेशन आहे. याच मार्गाने पुण्याला गेले की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, भोसरीत एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि करोनाचा विषाणू वेगळा करून देशी लसीला हातभार लावणारी राष्ट्रीय विषाणू संस्थाही आहे. रेल्वेने पाहिले तर काही तासांचे अंतर. पण समजा, केमच्या बौद्धवाड्यातील एक मुलगी बारावीला विज्ञान घेऊन चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला प्रतिकारशास्त्रात संशोधन करायचे आहे. तिच्यासाठी हे अंतर किती आहे?

मोजून पाहा. पदवीसाठी तालुक्याला किंवा कुर्डुवाडीला जायचे. तिथे सूक्ष्मदर्शक एक आणि विद्यार्थी चाळीस, अशी आपल्या ग्रामीण कॉलेजांची सर्वसाधारण अवस्था. मग सोलापूर किंवा पुणे, वसतिगृहाचा नंबर, मेसचा खर्च. पदव्युत्तर शिक्षण संपते तेव्हा वय २३. घरी धाकटे भाऊ-बहीण, म्हणून दोन वर्षे नोकरी. मग नेटची परीक्षा, मग मार्गदर्शक मिळेपर्यंत वाट पाहणे. पीएच.डी. हाती येईपर्यंत ३२ वर्षे होतात. त्यापुढे परदेशी प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काढल्याशिवाय या शास्त्रात नाव होत नाही. तोवर पस्तिशी उलटली! पारितोषिकाच्या वयाची अट सगळ्यांना सारखी दिसते. पण ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याची शर्यत अर्ध्यावरून सुरू होते आणि आमच्या मुलीची स्टेशनावरून.

आणि या धावेत पायात पाय घालते ते सरकार. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टीची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. ती सर्व पात्र विद्यार्थ्यांना मिळावी म्हणून २०२३ मध्ये आमची संशोधक मुले मुंबईच्या आझाद मैदानावर बसली होती. ज्या हातांत परीक्षानळी असायची त्या हातांत फलक होते. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२५ च्या जुलैमध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रे दिली गेली, बाकीच्यांना निधी असेल तसे देऊ असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठ अशा मुलासाठी सत्र थांबवून ठेवत नाही. पेशींवरचा प्रयोग तर एक दिवसही थांबत नाही. पेशींना वेळेवर खाद्य घातले नाही की त्या मरतात, आणि सहा महिन्यांचे काम पाण्यात जाते. चार महिने उशिरा आलेला पैसा कागदावर पोहोचलेला असतो, संशोधन मात्र तोवर बुडालेले असते.

शिष्यवृत्ती तुटली की काय होते हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. सयाजीराव महाराजांच्या मदतीने, दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तिथून लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये प्रबंध अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले. तेही सिडनहॅम कॉलेजातील पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर. त्यांची ती तीन वर्षे कोणी परत दिली नाहीत. बाबासाहेबांच्या नावाच्या अधिछात्रवृत्तीसाठी आज त्यांच्याच लेकरांची वर्षे जावीत, याची सत्तेत बसलेल्यांना लाज वाटली पाहिजे.

एवढे करून पोरगी दारापर्यंत पोहोचली तरी दार उघडे आहे काय? केंद्रीय शिक्षण संस्थांमधील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये झाला. त्यात 'उत्कृष्टतेच्या संस्था' म्हणून काही नावांची यादी जोडून त्यांना आरक्षणातून वगळले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या यादीत आहे. म्हणजे उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाहीत, हे कायद्यानेच गृहीत धरले! हे गृहीतक कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले? २०२३ च्या जानेवारीत 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञानपत्रिकेने भारतातील नामांकित विज्ञान संस्थांचे आकडे छापले. वरच्या पदांवर दलित आणि आदिवासी औषधालाही सापडत नाहीत, असे ते आकडे सांगतात. शिवाय आत गेल्यावर काय होते, हे हैदराबादच्या रोहित वेमुलाने २०१६ मध्ये आणि मुंबईत डॉ. पायल तडवीने २०१९ मध्ये आपल्या जिवाची किंमत देऊन देशाला दाखवले.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. एक, अधिछात्रवृत्ती पगारासारखी ठरलेल्या तारखेला खात्यात जमा झाली पाहिजे, आणि उशीर झाला तर व्याज दिले पाहिजे. दोन, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने विद्यार्थी, शास्त्रज्ञ आणि पुरस्कारविजेते यांची सामाजिक आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. तीन, २०१९ च्या कायद्यातील वगळलेल्या संस्थांची यादी रद्द करावी. चार, तरुण शास्त्रज्ञांचे पुरस्कार देताना जन्मतारखेऐवजी पीएच.डी. नंतरची वर्षे मोजावीत. जगात अनेक ठिकाणी असे मोजतात. मग बाळंतपणासाठी थांबलेली बाई आणि घरासाठी थांबलेला पहिल्या पिढीचा पदवीधर, दोघांनाही न्याय मिळेल. पाच, ज्या वस्त्यांमधून रक्ताचे नमुने घेतले जातात, तिथल्या मुलांना त्याच संशोधनात उन्हाळी प्रशिक्षण द्यावे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत हात पुढे करतो तो गरीब. त्याच्या रक्तावर प्रबंध होतात, शोधनिबंध छापले जातात, पदके मिळतात. रक्त देणाऱ्याच्या पोराला त्या खोलीत निदान उभे तरी राहू द्या!

आणि सरकारशी भांडताना दोन शब्द चळवळीलाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. जून-जुलैमध्ये गावोगाव गुणवंतांचे सत्कार होतात. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार, फौजदार यांना शाल मिळते. पीएच.डी. करणाऱ्या पोराला मात्र पाहुणे विचारतात, "अजून शिकतोच आहेस का रे?" हा प्रश्न बंद झाला पाहिजे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात एखाद्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे मेसचे बिल भागते. मंडळांनी ठरवले तर प्रत्येक तालुक्यात एका संशोधकाच्या मागे समाज उभा राहू शकतो. शिष्यवृत्ती येईपर्यंतचे चार महिने त्याला बिनव्याजी हातउसने मिळाले तरी पेशी मरणार नाहीत आणि उमेदही मरणार नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. याच सोलापुरात हे घडलेले आहे. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापूरला हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. सभेकडे तेव्हा ना इमारत होती, ना तिजोरी. मुलाला शाळेपर्यंत पोहोचवायचे तर आधी त्याच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय हवी, एवढे मात्र ठाऊक होते. पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा पहिल्यापासून कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही होती. आपल्या मुलांनी फक्त कारकून व्हावे असे बाबासाहेबांच्या मनात कधीच नव्हते.

सोलापूरच्या त्या वसतिगृहाला शंभर वर्षे होऊन गेली. शतकापूर्वी प्रश्न हायस्कूलचा होता, आज तो प्रयोगशाळेचा आहे. बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात लिहिले म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा. पडताळून पाहण्याची आज्ञा ज्यांच्या धम्मात आहे त्यांनी विज्ञानाच्या दारात परके म्हणून उभे राहण्याचे काही कारण नाही. क्षयावरची पुढची लस कोणत्या तरी तरुण हातातून येणार आहे. तो हात केमच्या मुलीचा का असू नये? तिच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे. ते आजच ठरवा.

जय भीम!